शुक्रवारच्या चहाला सायन्समधलं काय सांगू?

ऐरोली_स्लो_लोकल: आमचं ऑफिस ठाणे-बेलापूर रोडवर आहे, टीममध्ये टेस्टिंगवाले, अकाउंट्सच्या दोघी, अॅडमिनचे काका असे सगळेच. दर शुक्रवारी चहाच्या वेळी कोणीतरी एकजण दहा मिनिटं काहीतरी भारी सांगतो, स्लाइड्स वगैरे नाही, नुसतं बोलायचं. या आठवड्यात माझा नंबर आहे. ब्लॅक होल, मंगळ हे सगळ्यांनी रील्समध्ये बघून झालंय. मागे एकीने लोणार २०२० च्या जूनमध्ये गुलाबी कसं झालं ते सांगितलं, म्हणजे पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठात जगणारे सूक्ष्मजीव फोफावले, तर लोक संध्याकाळपर्यंत त्यावरच बोलत होते. तसलं काहीतरी सुचवा ना, ऐकल्यावर लोकांना प्रश्न पडले पाहिजेत.

पारसिकच्या_पायथ्याशी: खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसत असेल ना, तोच सांगा की. तो अख्खा लाव्हा आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून थरावर थर लाव्हा वाहिला, सह्याद्रीत काही ठिकाणी त्याची जाडी २ किलोमीटरच्या वर आहे, आणि आजही जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटरवर हा दगड पसरलाय. डोंगर कापलाय तिथे जवळ जाऊन बघा, काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसतात, काही वाटाण्याएवढे काही त्याहून मोठे. ते लाव्हातले गॅसचे बुडबुडे, नंतर त्यात पाणी मुरून खनिजं भरली. फुटलेला दगड मिळाला तर सोबत न्या, हातोहात फिरवा, त्याच्यासारखं काही नाही.

आणि गोष्ट इथे संपत नाही, डायनासोर गेले तेही याच काळात. इटलीत गुब्बिओला त्या काळातल्या मातीचा एक पातळ थर आहे, त्यात इरिडियम नेहमीच्या कितीतरी पट जास्त सापडलं, आणि हा धातू जमिनीच्या वरच्या थरात फारच कमी पण उल्कांमध्ये भरपूर असतो. त्यावरून भौतिकशास्त्रज्ञ लुइस अल्वारेझ आणि त्यांचा भूगर्भशास्त्रज्ञ मुलगा वॉल्टर यांनी १९८० मध्ये सहकाऱ्यांबरोबर मांडलं की बाहेरून काहीतरी प्रचंड येऊन आदळलं, पुढे मेक्सिकोत चिक्शुलुबचं विवरही सापडलं. पण आपला लाव्हा त्या आधीपासूनच वाहत होता, त्यामुळे त्याचा वाटा किती यावर अजून वाद चालू आहे. वादाची बाजू जरूर सांगा, मला तरी तीच जास्त आवडते.

कोपरीची_फिजिक्स_टीचर: वरचं सुंदर आहेच, पण मी सगळ्यांना आधी हात पुढे करायला सांगेन, तळवा वर. दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण बराच जड कण, त्यातून आरपार जातोय, छत, स्लॅब, हात, काही अडवत नाही. अंतराळातून येणारे कण वातावरणावर आदळतात आणि साधारण १५ किलोमीटर उंचीवर म्यूऑन तयार होतात. आता गंमत बघा, म्यूऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो, तेवढ्यात प्रकाशसुद्धा पाऊण किलोमीटर जात नाही, मग तो ऐरोलीपर्यंत पोचतो कसा? तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणून आपल्या घड्याळाने त्याचं आयुष्य कितीतरी पट लांबतं. म्हणजे आइन्स्टाइनची रिलेटिव्हिटी तुमच्या तळहातावर चाललीय, मी हे दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी अंगावर काटा येतो. होमी भाभांनी १९३८ मध्येच म्हटलं होतं की असे वेगवान कण जास्त जगलेले दिसतील. त्यांचं ट्रॉम्बे तर खाडीपलीकडेच!

आणि वरचे लुइस अल्वारेझ इथेही आहेत बरं का. त्यांनी १९६० च्या दशकात इजिप्तमध्ये खाफ्रेच्या पिरॅमिडखाली डिटेक्टर लावून म्यूऑन मोजले, आत लपलेली खोली आहे का बघायला. तिथे काही मिळालं नाही, पण २०१७ मध्ये याच पद्धतीने खुफूच्या पिरॅमिडमध्ये निदान ३० मीटर लांबीची पोकळी सापडली.

रबाळे_नाइट_शिफ्ट: टेस्टिंगवाले आहेत म्हणताय तर बेल्जियम सांगाच. २००३ च्या निवडणुकीत स्खारबेक भागात कॉम्प्युटरवरच्या मतदानात एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली, शक्यच नाहीत इतकी, म्हणून लक्षात आलं. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात, मेमरीतला एकच बिट, म्हणजे शून्य किंवा एक साठवणारी जागा, शून्याचा एक झाला की झालं. सॉफ्टवेअर तपासलं तर चूक सापडेना, शेवटी बिट आपोआप उलटला असावा असं म्हटलं गेलं. कॉस्मिक रे, म्हणजे अंतराळातून येणारे तेच कण, हा संशय आहे, सिद्ध झालेलं नाही, तसंच सांगा. अजून एक, टीचरबाई, जमिनीवर बिट उलटवतात ते जास्त करून न्यूट्रॉन, म्यूऑन नाही, पण दोन्ही येतात वरच्या त्याच माऱ्यातून. मी डेटा सेंटरमध्ये आहे, सर्व्हरच्या लॉगमध्ये मधूनमधून 'करेक्टेड मेमरी एरर' अशी ओळ दिसते, कारणं बरीच असू शकतात, पण ईसीसी मेमरी अशा एका बिटाची चूक पकडून जागच्या जागी दुरुस्त करते.

ऐरोली_स्लो_लोकल: भारीच! म्यूऑन घेतो, पिरॅमिड आणि बेल्जियमसकट, डोंगर पुढच्या नंबराला, दगड शोधायला वेळ मिळेल. पण अॅडमिनचे काका पहिला प्रश्न हाच विचारणार, याने काही होतं का आपल्याला? आणि हे दिसेल कसं?

कोपरीची_फिजिक्स_टीचर: काकांना सांगा, हा मारा सजीव सृष्टी आहे तेव्हापासून आहे आणि नैसर्गिक रेडिएशनचा छोटासा भाग आहे, विमानात वर गेलं की कित्येक पटींनी वाढतो, तरी लोक रोज दिल्लीला जाऊन येतातच. दिसण्यासाठी क्लाउड चेंबर करा. काचेच्या पेटीच्या तळाला आतून फेल्ट चिकटवायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवायचं, पेटी काळ्या धातूच्या पत्र्यावर उलटी ठेवायची, पत्र्याखाली ड्राय आइस, बाजूने टॉर्च, कडा नीट बंद. दहा-पंधरा मिनिटांनी पत्र्याजवळ पांढऱ्या रेषा उमटून विरतात. लांब, सरळ, बारीक दिसल्या त्यात म्यूऑन असतात, आखूड जाड्या रेषा हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूमुळे. ड्राय आइसला जाड हातमोज्यांशिवाय हात लावू नका. आणि अल्कोहोल पेट घेतं म्हणून ऑफिसात नकोच, घरी गॅलरीत करून व्हिडिओ दाखवा.