महालक्ष्मीची देवी विष्णुपत्नी नव्हे

मध्यमचरित्र: मुंबईच्या महालक्ष्मीला श्रीसूक्त, म्हणजे लक्ष्मीचं वैदिक सूक्त, म्हणणारे पुष्कळ, पण गाभारा सप्तशतीचा, म्हणजे असुर मारणाऱ्या देवीच्या पोथीचा आहे. मधे महालक्ष्मी, दोन बाजूंना महाकाली आणि महासरस्वती. सप्तशतीला शेवटी जोडलेली 'रहस्यं' आहेत, त्यांतल्या वैकृतिक रहस्यात पूजेची हीच मांडणी दिली आहे. शिवाय तिघींच्या मागे तीन जोडपी पुजायची: ब्रह्मा-सरस्वती, रुद्र-गौरी, विष्णू-लक्ष्मी. म्हणजे विष्णूची लक्ष्मी त्याच पूजेत वेगळी बसलीय! प्राधानिक रहस्यात तर ती महालक्ष्मीनेच निर्माण केलेली. घोळ होतो कारण तेरा अध्याय संपले की लोक थेट क्षमाप्रार्थनेवर उडी मारतात, रहस्यं राहूनच जातात.

सिंधुसुता: पोथीतली मांडणी मान्य. पण महालक्ष्म्यष्टक उघडा: पहिल्याच श्लोकात शंख, चक्र, गदा, दुसऱ्यात गरुडावर बसलेली. हे कुणाचं घर? आणि इथली आख्यायिका काय सांगते? वरळीचा बांध पुन्हापुन्हा ढासळत होता, देवीने रामजी शिवजी प्रभूंना दृष्टांत दिला, मूर्ती पाण्यातून काढल्या, मग बांध टिकला. समुद्रातून वर आलेली लक्ष्मी. आणखी काय हवं?

मध्यमचरित्र: त्याच दुसऱ्या श्लोकात 'कोलासुरभयंकरि' आहे, तेवढं सोडलंत. असुर मारणारी ती. चक्राचं म्हणाल तर सप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायात विष्णूने ते तिला दिलंय, शंख वरुणाने. सगळ्याच देवांनी काही ना काही दिलं. आणि पाण्यातून मूर्ती तीन निघाल्या. काली-सरस्वती कुठल्या मंथनातून आल्या?

पायरीवरचा: आख्यायिकेवर एवढा भार टाकू नका. बांध गव्हर्नर हॉर्नबीच्या काळातला, अठराव्या शतकातला. देऊळ धाकजी दादाजींनी बांधलं १८३१ साली. मधल्या काळात गोष्ट फुगायला भरपूर वाव आहे.

सिंधुसुता: फुगली असेल. तरी मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरोघरी घट मांडून महालक्ष्मीची कहाणी वाचतात, ती विष्णुपत्नीचीच. देऊळ पोथीने चालतं की भक्तांनी? बाहेर कमळं विकतात ती उगाच?

मध्यमचरित्र: कमळ अवश्य वाहा. अठरा हातांच्या महालक्ष्मीच्या ध्यानातही ते आहेच. परशू, बाण, वज्र यांच्यासोबत. तेवढं बघून 'लक्ष्मी' ठरवायचं आणि उरलेल्या सतरा हातांकडे पाहायचंच नाही, याला काय म्हणावं?

पायरीवरचा: दागिने आणि सोन्याचे मुखवटे चढवल्यावर हात दिसतात कुठे? वाद तिथूनच सुरू होतो.