मदत हवी आहे: ओव्हनच्या हँडलला हात लावला की झिणझिण्या येतात

मृण्मयी_कोथरूड
नवीन घरात ओव्हन लावलाय. चालतो व्यवस्थित, केकही छान झाला. पण दाराच्या स्टीलच्या हँडलला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. वायरमन येऊन गेला, टेस्टर लावला आणि म्हणाला, "थोडा रिटर्न येतोय ताई, काही होत नाही." घरात दोन लहान मुलं आहेत, मला हे "काही होत नाही" चालणार नाही. शनिवारी लेकीचा वाढदिवस आहे, त्याआधी काय ते करायचंय. कोणाला अनुभव असेल तर लवकर सांगा प्लीज.

सातारकर
कुठला ओव्हन? किती वॅटचा? कुठल्या बोर्डला लावलाय? काहीच लिहिलेलं नाही तर सांगायचं काय?

पद्माकाकू
आमच्या वॉशिंग मशीनला असंच व्हायचं. मी खाली रबरी मॅट टाकली आणि पायात स्लिपर घालूनच मशीनला हात लावते. तेव्हापासून त्रास नाही.

तांब्याची_तार
काकू, हात जोडून सांगतो, असा सल्ला देऊ नका. मॅटमुळे तुम्हाला झिणझिण्या जाणवत नाहीत, पण मशीनच्या पत्र्यावरचा करंट तिथेच आहे. एक हात मशीनला आणि दुसरा नळाला लागला तर मॅट काही करू शकत नाही. तुम्हीही मशीनचं अर्थिंग (पत्र्यावरचा करंट जमिनीत नेणारी वायर) तपासून घ्या.
मृण्मयी, ओव्हन इथला की बाहेरून आणलेला?

मृण्मयी_कोथरूड
जर्मनीहून परत आलो तेव्हा सामानाबरोबर आणला. १८०० वॅट. तिकडेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच असतं, हे बघूनच आणलाय, त्यामुळे कन्व्हर्टरचा प्रश्न नाही. तिकडे असं कधीही झालं नाही, म्हणजे ओव्हन चांगला आहे. प्रश्न इथल्या वायरिंगचा आहे.

निनाद_नाशिक
स्टॅबिलायझर लावा. आपल्याकडे व्होल्टेज वरखाली होतं, बाहेरच्या वस्तूंना ते सोसत नाही. माझ्या भावाने अमेरिकेतून आणलेला मिक्सर पहिल्याच दिवशी जळाला.

तांब्याची_तार
निनाद, अमेरिकेत १२० व्होल्ट असतं. तो मिक्सर थेट २३० वर लावला म्हणून जळाला. त्याला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवा होता. इथे तो प्रश्नच नाही.
मृण्मयी, ओव्हनचा प्लग कसा आहे आणि तो कशात खुपसलाय?

मृण्मयी_कोथरूड
गोल मोठा काळा प्लग, दोन गोल पिना. विमानतळावर मिळतो तो युनिव्हर्सल ॲडॉप्टर लावून ओट्यावरच्या बोर्डात. आत्ता नवऱ्याने मल्टीमीटर लावला. हँडल आणि सिंकचा नळ यांच्यामध्ये ११२ व्होल्ट दाखवतोय!! ओव्हन बंद केला आहे.

सातारकर
११२? मग तुमचा ओव्हन ११० व्होल्टचा आहे. मागचं लेबल नीट वाचा.

तांब्याची_तार
नाही हो सातारकर. ११० चा असता तर २३० वर एव्हाना जळला असता. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असलेल्या उपकरणांत आत एक फिल्टर असतो. त्यात एक छोटा कपॅसिटर फेजपासून बॉडीला आणि तसाच दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेला असतो. बॉडी अर्थ केलेली असली की हा किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थ तुटलेला असला की बॉडी मध्येच लोंबकळते आणि २३० च्या निम्मं, म्हणजे ११५ च्या आसपास दाखवते. मेटल बॉडीच्या लॅपटॉपला हात लावल्यावर जी चुणचुण येते तिचं कारण बहुतेक वेळा हेच. तेवढ्याने माणूस दगावत नाही, पण ओव्हनचा अर्थ कुठेही पोचत नाहीये एवढं नक्की. उद्या आत एखादी फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली, तर फ्यूजही उडणार नाही आणि एमसीबीही (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडणार नाही. हँडलवर पूर्ण २३० येईल.

आता प्लगचं. जर्मन प्लगला अर्थची वेगळी पिन नसते. त्याच्या दोन बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या असतात आणि तिकडच्या खोलगट सॉकेटमधल्या क्लिपा त्या पट्ट्यांना धरतात. आपला अर्थ म्हणजे ती वरची जाड, लांब पिन. प्लग घालताना ती सगळ्यात आधी टेकते आणि काढताना शेवटी सुटते, म्हणून ती लांब. बहुतेक युनिव्हर्सल ॲडॉप्टरमध्ये त्या बाजूच्या पट्ट्यांना काहीच टेकत नाही. कित्येकांची अर्थची पिन तर नुसती प्लॅस्टिकची असते, सॉकेटचं झाकण उघडण्यापुरती. शिवाय १८०० वॅट म्हणजे जवळजवळ ८ ॲम्पिअर. ओट्यावरचा साधा पॉईंट ६ ॲम्पिअरचा असतो. ॲडॉप्टर हाताला गरम लागत होता का?

मृण्मयी_कोथरूड
हो, चांगलाच गरम. मला वाटलं ओव्हनशेजारी आहे म्हणून.

नित्या_शारजा
या भानगडीपेक्षा गल्फसारखे चौकोनी पिनांचे १३ ॲम्पिअर सॉकेट घरभर बसवा. प्लगमध्येच फ्यूज. मी गावी तसंच करून घेतलं आहे, एकदम सेफ.

सातारकर
आणि बाकीच्या सगळ्या भारतीय वस्तूंना परत ॲडॉप्टर लावायचा? एका ओव्हनसाठी घर फोडायला सांगताय.

विजयदादा
जुनी बिल्डिंग असेल तर अर्थिंग मिळणारच नाही. सोपा उपाय: बोर्ड उघडून न्यूट्रलमधून वायरचा तुकडा अर्थच्या पिनला द्यायचा. आमच्याकडे सगळीकडे तसंच आहे.

तांब्याची_तार
विजयदादा, आज घरी गेल्यावर पहिल्यांदा तो तुकडा काढा. मीटरपाशी किंवा वाटेत न्यूट्रल तुटला की फेज उपकरणातून फिरून त्याच तुकड्यावाटे बॉडीवर येतो. फ्रिज, गीझर, मशीन, सगळ्यांच्या पत्र्यावर एकदम २३०. मीटरपाशी कोणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले तर न्यूट्रल तुटायचीही गरज नाही.

विजयदादा
इतकी वर्षं कोणाला काही झालेलं नाही.

तांब्याची_तार
न्यूट्रल तुटलेला नाही म्हणून.

देवगडची_शाल्मली
अवांतर होईल, पण आमच्याकडे जांभ्यात अर्थिंगच लागत नाही नीट. वडिलांनी कोळसा-मीठ घालून खड्डा केला, तरी मे महिन्यात खडखडीत वाळतो आणि पंपाला शॉक येतो. उन्हाळ्यात दर आठवड्याला त्यात पाणी ओततो.

तांब्याची_तार
बरोबर करताय. ओल गेली की जमिनीचा रोध वाढतो. जमले तर पहिल्या खड्ड्यापासून लांब दुसरा खड्डा घेऊन दोन्ही जोडा. जांभ्यात त्याचा फरक पडतो.

मृण्मयी, तुम्ही असं करा. चांगला वायरमन बोलवा. नुसत्या टेस्टरवर विश्वास ठेवू नका, तो अगदी बारीक करंटलाही पेटतो. १६ ॲम्पिअरच्या पॉईंटमध्ये फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॅटचा बल्ब लावून बघायला सांगा. पूर्ण उजेड पडला तर अर्थ आहे, मिणमिणला तर नाही. मल्टीमीटर इथे फसवतो, अर्धवट तुटलेल्या अर्थलाही २३० दाखवतो. अर्थ मिळाला तर जर्मन प्लग कापून १६ चा थ्री पिन टॉप (आपला प्लग) बसवा: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. आणि डीबीत (घराच्या मेन बोर्डात) ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, घ्या. अर्थ नसला तरी माणसातून गळती झाल्यावर तो पडतो.

नित्या_शारजा
रंगांवर डोळे झाकून जाऊ नका. अमेरिकन वायरमध्ये काळी म्हणजे फेज. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल.

तांब्याची_तार
नित्या, याला शंभर टक्के अनुमोदन.

मृण्मयी_कोथरूड
अपडेट. फ्रिजशेजारच्या १६ च्या पॉईंटला बल्ब लख्ख पेटला. टॉप बदलला, आरसीसीबी बसवला. हँडल ते नळ आता शून्य. पण ओव्हन चालू करून तापायला लागला की आरसीसीबी पडतो! वायरमन म्हणतो "आरसीसीबी नाजूक आहे, काढून टाकू". शनिवार परवावर आलाय!

निनाद_नाशिक
मीही तेच म्हणतो. आमच्याकडे सारखा पडायचा, काढला, प्रश्न मिटला.

तांब्याची_तार
अजिबात काढू नका. तो बरोबर काम करतोय. ओव्हन जहाजाने आला का? पावसाळ्यात?

मृण्मयी_कोथरूड
हो. कंटेनर बंदरात अडकला होता, जुलैअखेर मिळाला.

तांब्याची_तार
मग एलिमेंटमध्ये (ओव्हन तापवणाऱ्या नळीत) दमटपणा शिरला असण्याची दाट शक्यता आहे. एलिमेंटच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. बरेच दिवस न वापरता दमट हवेत राहिलं की ती टोकांकडून ओल ओढते आणि आतल्या तारेतला करंट नळीवर गळायला लागतो. आधी अर्थच नव्हता, म्हणून गळती कुठे दिसली नाही. मेकॅनिककडून एकेक एलिमेंट मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) तपासून घ्या. ज्याचं रीडिंग पडलेलं असेल ते काढून दुसऱ्या ओव्हनमध्ये कमी आचेवर काही तास वाळवायचं आणि परत मेगर लावायचा. सुधारलं नाही तर नवीन.

मृण्मयी_कोथरूड
खालचंच एलिमेंट निघालं, वरचं ठीक आहे. मेकॅनिक वाळवायला घेऊन गेलाय. केक सासूबाई कुकरमध्ये करणार आहेत. मनापासून आभार. आता तिकडूनच आणलेला हँड ब्लेंडर आणि हेअर ड्रायर आहे. त्यांचे प्लग चपटे, दोनच पिनांचे. त्यांनाही अर्थ लावून घ्यायचा का?

तांब्याची_तार
लेबलवर चौकोनात चौकोन असं चिन्ह आहे का? असेल तर दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थ लागत नाही. पण त्या पिना ४ किंवा ४.८ मिलिमीटरच्या, आपल्या ६ ॲम्पिअरच्या पिना ५.१ च्या. सॉकेटमध्ये ढिल्या बसतात आणि ठिणग्या उडतात, म्हणून टॉप बदला. आणि ड्रायरचे वॅट किती आहेत ते लिहा. १४०० च्या जवळ किंवा वर असतील तर तोही १६ वरच.