लॉजिंग-बोर्डिंगमधलं ‘बोर्ड’ आणि दहावीचं बोर्ड एकच का?

प्रश्न: एसटी स्टँडाजवळ ‘लॉजिंग-बोर्डिंग’ची पाटी, विमानाचा बोर्डिंग पास, दहावीचं बोर्ड, कंपनीचं बोर्ड. सगळ्यांचं मूळ एकच का? आणि भाषांतरात ‘अबव्ह बोर्ड’चं काय करायचं?

उत्तर १: मूळ अर्थ लाकडाची फळी. फळीचं झालं जेवायचं मेज आणि मेजावरून शब्द थेट जेवणावर गेला. ‘पान वाढलंय’ म्हणताना आपल्याला तरी केळीचं पान कुठे अभिप्रेत असतं? तेव्हा लॉजिंग म्हणजे खोली, बोर्डिंग म्हणजे जेवण. मराठीत मात्र ‘बोर्डिंग’ वसतिगृहाच्या अर्थानेच रुळलं. कोल्हापूरचं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ सालचं. त्याच मेजाभोवती मसलतीला बसणारे ते कंपनीचं किंवा परीक्षेचं बोर्ड. आपण ‘मंडळ’ म्हणतो तेव्हा मेज जातं, भोवतीचं कडं तेवढं उरतं.

‘अबव्ह बोर्ड’ पत्त्यांच्या डावातलं. हात मेजाच्या वर असले की खाली पत्ता बदलता येत नाही. ‘व्यवहारात काही काळंबेरं नाही’ असं लिहा. ‘पटलाच्या वर’ कृपया नको.

उत्तर २: विमानाचं बोर्ड जहाजावरून आलं. जुन्या इंग्रजीत जहाजाच्या बाजूलाही हाच शब्द होता. बाजूच्या आत ते ‘ऑन बोर्ड’, बाहेर पाण्यात ते ‘ओव्हरबोर्ड’. त्यावरून ‘गो ओव्हरबोर्ड’ म्हणजे अतिरेक करणं. डोलकाठी मोडून कडेवरून समुद्रात गेली की ‘गो बाय द बोर्ड’, म्हणजे बेत बारगळणं.

जहाजाची उजवी बाजू ती ‘स्टारबोर्ड’. त्यात तारा नाही, ‘स्टिअर’ (सुकाणू चालवणं) आहे: सुकाणूचं वल्हं उजव्या बाजूला असे. डावी बाजू ‘लारबोर्ड’. आरडाओरड्यात दोन्ही सारखेच ऐकू येत, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ साली डावीला ‘पोर्ट’ म्हणायचा हुकूम काढला.

उत्तर ३: हॉटेल बुक करताना: ‘हाफ बोर्ड’ म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुधा रात्रीचं. ‘फुल बोर्ड’मध्ये दुपारचंही. आपल्याकडच्या दरपत्रकात हेच ‘एमएपी’ आणि ‘एपी’. ‘सीपी’त फक्त नाश्ता, ‘ईपी’त नुसती खोली.

प्रश्नकर्ता: आणि ‘अक्रॉस द बोर्ड’?

उत्तर २: अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीतलं. एकाच घोड्यावर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकासाठी सारखीच रक्कम लावायची. मराठीत ‘सरसकट’. ‘सरसकट पगारवाढ’ बरोबर. ‘सगळीकडे पगारवाढ’ लिहिलंत की अर्थ हलला.