आईच्या किरकोळ आजारपणात गावातच आधार कसा मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार. माझी ७२ वर्षांची आई भोर तालुक्यातील आमच्या गावी एकटी राहते आणि सर्दी, अंगदुखी किंवा जुलाब झाले, तरी कोणाला त्रास नको म्हणून दुखणे अंगावर काढते. जलसंजीवनीचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळून २४ तासांत संपवायचे, एवढे मी तिला शिकवले आहे. मात्र ताप उतरत नसेल, तर केवळ काढ्यावर विसंबू नये, हे तिला अजून पटत नाही. उपकेंद्रातील आरोग्यसेविका किंवा आशाताईंनी अधूनमधून घरी येऊन तिची विचारपूस करावी, यासाठी रीतसर विनंती कोणाकडे करावी? तिला रक्तदाबाची गोळी सुरू असल्याने सर्दीचे कोणते औषध टाळावे, हे उपकेंद्रात विचारता येते का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.