आधीच्या पाळीने ठेवून दिलेलं काम: तुमचे अनुभव सांगा

गोव्यात पाळीत राबणारे आपल्यात बरेच आहेत. वेर्णा-कुंडईचे कारखाने, किनाऱ्यावरची हॉटेलं, इस्पितळं. ड्युटीवर चढल्या चढल्या आधीच्याचं खरकटं काढावं लागणं कोणाला चुकलंय? 'अमका आळशी' एवढंच नको. काय राहिलं होतं आणि तुम्ही काय केलंत, ते लिहा. कंपनीची नावं टाळा.

माझ्यापासून सुरुवात. मी औषधी गोळ्यांच्या कारखान्यात, कॉम्प्रेशनला, म्हणजे पावडर दाबून गोळ्या करतात तिथे, दुसरी पाळी. बॅच संपली की मशीन ठरलेल्या तासांच्या आत धुवावंच लागतं. डर्टी होल्ड टाइम म्हणतात त्याला. तो उलटला की डेव्हिएशन, म्हणजे नियम चुकल्याची नोंद लिहा, क्यूएला (गुणवत्ता विभागाला) कारणं देत बसा. बॅच संपते दुपारी बाराच्या सुमारास. दोनला मी आत जातो तेव्हा टरेटखाली, म्हणजे मशीनच्या फिरत्या चकतीखाली पावडर तशीच, गोळ्या दाबणारे दांडे, म्हणजे पंच, काढलेले नाहीत. दारावर 'धुवायचे आहे'ची पाटी मात्र सही-तारखेसकट चोख. घड्याळ पहिल्या पाळीवाल्यांच्या वेळेत सुरू, संपणार माझ्या पाळीत.

भांडून झालं. पण खरं दुखणं बसचं आहे. ज्या कंपनी बसमधून आम्ही उतरतो, तीच त्यांना घेऊन पेडण्याकडे निघते. ती चुकली तर वेर्ण्याहून घर कसं गाठायचं, हे चुकलेल्यालाच विचारा. म्हणून एक वाजल्यापासूनच सगळ्यांचं लक्ष गेटकडे. दोन्ही पाळ्यांना पंधरा मिनिटं एकत्र द्या म्हटलं, तर एचआरने तेव्हा लागू असलेल्या १९४८च्या कारखाने कायद्याचं कलम ५८ पुढे केलं. एकाच कामावर एका वेळी दोन पाळ्या नकोत म्हणे. कलम खरं होतं. त्याच कलमात सूट मिळवायची सोयही होती, ती कोणी वाचून दाखवली नाही. शेवटी सुपरवायझरने बसच दहा मिनिटं उशिरा सोडायला लावली. आता निदान मशीनपाशी उभं राहून बोलणं होतं. पंच अजून मीच काढतो.

कळंगुट, नाइट रिसेप्शन
परदेशी पाहुण्याची नोंद, जिला आम्ही सी-फॉर्म म्हणतो! परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारी पोर्टलवर चढवायची असते. संध्याकाळवाला घाईत पासपोर्टचं फोटोचं पान स्कॅन करतो, व्हिसाचं राहतं. ते मला सापडतं मध्यरात्रीनंतर. आता पाहुण्याला झोपेतून उठवू? दूधसागरला जाणारे पहाटेच गाडीत बसतात, म्हणून मी दारापाशी पहारा देतो. 'सर, वन मिनिट, व्हिसा.' पाहुण्याच्या लेखी गबाळा कोण, तर मी. व्हॉट्सअ‍ॅपवर 'राहिलंय, बघ' एवढं टाकायला काय जातं?

एक सिस्टर
आमच्याकडे राहिलेल्या कामाचा नुसता वैताग नसतो, धास्ती असते. रात्रीची ड्युटी घेतली. एका आजोबांचं जेवणाआधीचं इन्सुलिन होतं, चार्टवर सही नाही. दिलं की नाही? आजोबांना विचारलं तर म्हणाले, "कितें तरी तोपलें गो बाय." ते शुगर तपासायला टोचलेलंही असू शकतं. दिवसपाळीची सिस्टर स्कूटरवर, फोन उचलेना. शुगर बघितली, डॉक्टरांना कळवलं, त्यांनी थांबायला सांगितलं. बऱ्याच वेळाने तिचा फोन आला, "अगं दिलंय, लिहायचं राहिलं."

मी गृहीत धरून दिलं असतं तर दुसरा डोस गेला असता. तेव्हापासून मी टेबलावर बसून हँडओव्हर घेतच नाही. खाटेपाशी चल, चार्ट हातात घे, मग जा. काहींना राग येतो. येऊ दे.

किचन, सकाळपाळी
रात्रीची मंडळी शाकुतीचं वाटण फ्रिजात ठेवतात, डब्यावर तारखेचा स्टिकर नाही. स्टिकर नाही म्हणजे फेकायचं. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण कचऱ्यात जाताना जीव तुटतो, आणि वेस्टेजच्या वहीत नाव लागतं सकाळपाळीचं.

मेंटेनन्स, कुंडई
जाणाऱ्यालाच सगळे धोपटताय, म्हणून लिहितो. आमच्या स्टोअरची किल्ली जनरल शिफ्टबरोबर, म्हणजे दिवसाच्या ऑफिसवेळेवाल्यांबरोबर, साडेपाचला घरी जाते. त्यानंतर बेअरिंग गेलं तर मी ते कुठून पैदा करू? लॉगबुकात लिहितो, 'पार्ट नाही, तात्पुरतं चालू केलं.' सकाळी लॉगबुक न उघडताच ओरड, रात्रीवाल्यांनी ठेवून दिलं!

डिचोली
चवथीचे दिवस कोणीच काढले नाहीत? आपण गणपतीवर फळांची माटोळी बांधायला घरी. मागे उरतात ओडिशा-बिहारची मुलं, दोघं मिळून सहाजणांचं ओढतात. आणि परतल्यावर आपणच विचारतो, हे का राहिलं? मी येताना त्यांच्यासाठी नेवऱ्यांचा डबा आणतो आणि पहिला दिवस तोंड बंद ठेवतो.

वेर्णा, कॉम्प्रेशन
कुंडईवाले भाऊ, आमच्याकडे स्टोअरची दुसरी किल्ली सिक्युरिटीकडे सीलबंद पाकिटात असते. पाकीट फोडलं की रजिस्टरला सही. मागून बघा.

मेंटेनन्स, कुंडई
मागितली होती. 'लेखी प्रपोजल द्या' म्हणाले. दिलंय. ते ज्याच्या टेबलावर आहे तो जनरल शिफ्टचा.