मदत हवी आहे: ‘डूम्सडे बुक’ गटात वाचतोय, ऑक्सफर्डची प्रकरणं गाळावीत का?

कॉनी विलिस यांची ‘डूम्सडे बुक’ ही कालप्रवासाची कादंबरी (१९९२, ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही पुरस्कार) आमचा छोटा गट दर रविवारी इंग्रजीतून वाचतोय. किव्रिन या इतिहासाच्या विद्यार्थिनीला १३२० सालच्या इंग्लंडात पाठवतात, तो धागा सगळ्यांना जाम आवडलाय. गाडी अडते ती २०५४च्या ऑक्सफर्डमध्ये, जिथून तिला पाठवलंय: साथ, क्वारंटाइन, विभागप्रमुख स्कॉटलंडला मासेमारीला गेलेले आणि तिचा मार्गदर्शक प्राध्यापक डनवर्दी सतत फोन लावतोय! दोघांनी ही प्रकरणं गाळायला सुरुवात केलीय. दर आठवड्याचा भाग कमी करून पाहिला, पात्रांची यादीही दिली, फरक नाही. मला दोन्ही काळ सोबतच वाचावेत असं मनापासून वाटतं, पण पुढचं मीही वाचलेलं नाही. शेवट न फोडता कुणी सांगेल का, ऑक्सफर्ड गाळलं तर मध्ययुगातलं काही कळायचं राहील का?