मदत हवी आहे: मुक्काम वायनरीवर, आईचा हट्ट गडाचा

नमस्कार मंडळी,

आम्ही शिरपूरचे. जानेवारीच्या शेवटी नाशिकला गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीच्या रिसॉर्टवर दोन रात्री मुक्काम आहे. बुकिंग सौ.नं केलंय, पैसेही भरलेत, तेव्हा "तिथं कशाला?" हे कृपया विचारू नका. प्रश्न मधल्या दिवसाचा. गाडी घरची, चालवणार मीच.

आईचा एकच धोशा: "नाशिकले जावानं न् गडवर जावानं नही?" सप्तशृंगी आमची कुलदैवत. चैत्रात इकडून लोक पायी वणीला जातात आणि आपण गाडीत बसून नुसते नाशिक फिरून यायचं, हे तिच्या गळी उतरणं शक्य नाही. त्यात दारूच्या ठिकाणाहून उठून देवीसमोर कसं उभं राहायचं, हा वेगळाच मुद्दा. (तिच्या लेखी वाइन काय अन् हातभट्टी काय.) गुडघ्यांमुळे पायऱ्या तर अजिबात नाहीत.

अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, जन्म केळीच्या शेतीत गेला. त्यांना द्राक्षाचा मांडव बघायचाय. ऑक्टोबर छाटणीनंतर किती घड ठेवता, विरळणीला मजूर कुठून आणता, हे बागायतदारालाच विचारायचंय. सौ.ला वाइनची चव घ्यायचीय, माझी ना नाही. पोरं लहान आहेत, त्यांना काहीही चालतं.

गड आणि बाग एका दिवसात बसेल का?

प्रतिसाद, धुळे: बसेल. पहाटे अंघोळ करून आधी गड. मग देवीचं दर्शन पहिलं आणि बाकी सगळं नंतर, काकूंना बोलायला जागाच उरत नाही. नांदुरीवरून घाट चढा, वर ट्रॉली आहे, पायऱ्यांचं टेन्शन नको. फक्त मंगळवार, शुक्रवार अन् पौर्णिमा टाळा. दशम्या आणि ठेचा बरोबर ठेवा.

प्रतिसाद, दिंडोरी: अण्णांना वायनरीत मांडव शोधायला लावू नका. वाइनची द्राक्षं बहुतेक तारेवर, सरळ ओळीत असतात. मणी बारीक, साल जाड, आत बी. ते बघून "हेच का द्राक्ष?" म्हणतील. खायच्या द्राक्षांचे मांडव वणी-दिंडोरी रस्त्याला दोन्ही बाजूंना आहेत आणि तुम्ही गडावरून उतरताना त्याच वाटेनं येणार. जानेवारीअखेर काढणी सुरू असते. क्रेट भरताना दिसले की गाडी बाजूला घ्या, रामराम करा. केळीवाला आलाय म्हटल्यावर शेतकरी चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. मण्यांना मात्र हात लावू देऊ नका, वरची पांढरट लव पुसली जाते आणि भाव पडतो.

धागाकर्ता: दोघांचे आभार. ट्रॉलीचं ऐकून आई तयार झाली. आता एकच: संध्याकाळी सौ. टेस्टिंगला गेली की पोरांना घेऊन तासभर कुठं जाऊ? सोमेश्वरचा धबधबा जवळ पडतो, पण जानेवारीत त्याला पाणी असतं का?